काकूंचे पाच प्रश्न : एका सोसायटीच्या रीडेव्हलपमेंटमधलं प्रकरण

हे प्रकरण आमच्याच सोसायटीतलं आहे. त्यात मी आधी खजिनदार होते, नंतर सेक्रेटरी झाले, त्यामुळे मी त्रयस्थ नाही. नावं दिलेली नाहीत, ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत. एखाद्याचं म्हणणं न पटणं आणि तो माणूसच नकोसा होणं या दोन गोष्टी कशा एकमेकींत मिसळतात आणि त्या वेगळ्या करायला किती कष्ट पडतात, हे मी जवळून पाहिलं. रीडेव्हलपमेंटच्या, म्हणजे जुनी इमारत पाडून त्याच जागी बिल्डरकडून नवी बांधून घेण्याच्या, वाटेवर असलेल्या इतर सोसायट्यांना उपयोग होईल म्हणून लिहिते आहे.

पार्श्वभूमी

पुण्यात कोथरूडमधल्या एका गल्लीत आमची सोसायटी होती. १९८६ चं बांधकाम. दोन विंग, तळमजला आणि वर तीन मजले, प्रत्येक मजल्यावर तीन घरं, म्हणजे २४ सभासद. लिफ्ट नाही. गच्चीचं वॉटरप्रूफिंग तीनदा करून झालं होतं, तरी पावसाळा आला की तिसऱ्या मजल्यावर छताला ओल यायची आणि जिन्यात बादली ठेवावी लागायची.

तिसऱ्या मजल्यावर आप्पा राहायचे. इतिहासाचे निवृत्त शिक्षक, वय ७८. मावशींचे, म्हणजे त्यांच्या पत्नीचे, दोन्ही गुडघे गेलेले. त्यांना दवाखान्यात न्यायचं असलं की प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून दोन पोरं खुर्चीचे हात धरायची आणि खालच्या बाजूने दूधवाला आधार द्यायचा. प्रत्येक वळणावर मावशी डोळे घट्ट मिटून घ्यायच्या. मी हे तीनदा पाहिलं आहे. रीडेव्हलपमेंट म्हणजे आप्पांसाठी लिफ्ट होती, बाकी काही नव्हतं.

त्याच विंगेत तळमजल्यावर काकू. टेलिफोन खात्यातून निवृत्त, वय ७१, यजमान बरीच वर्षं झाली गेले, मुलगी बंगळुरूला. त्यांच्या खिडकीबाहेर प्राजक्त होता. पहाटे झाडाखाली सडा पडायचा आणि आप्पा खाली येऊन पूजेला परडीभर फुलं वेचून न्यायचे. ते काकूंना वहिनी म्हणायचे, काकू त्यांना भाऊजी. काकूंचे यजमान गेले तेव्हा पुढे होऊन सगळं बघणारे आप्पाच होते. ३० वर्षांहून जास्त काळ दिवाळीत फराळाचं पहिलं ताट तळमजल्यावरून तिसऱ्या मजल्यावर जात होतं.

प्रश्न कुठे निर्माण झाला

ऑगस्ट २०२२ मध्ये विशेष सर्वसाधारण सभा बोलावली. पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्या, १७ सभासद आले. आप्पांच्या मुलाच्या कॉलेजातल्या ओळखीच्या एका बिल्डरचं पत्र चेअरमननी वाचून दाखवलं. जास्तीचा कार्पेट (घरातली वापरायची जागा), बांधकाम होईपर्यंतचं भाडं, कॉर्पस (बिल्डर सभासदांना देतो ती एकरकमी रक्कम). ऐकताना लोकांचे चेहरे फुलले.

काकू उभ्या राहिल्या. हातात पाठकोरा कागद, त्यावर पाच प्रश्न. पत्र एकाच बिल्डरचं का, टेंडर का नाही? काम अर्धवट राहिलं तर भाडं कोण देणार? आधी स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीची तपासणी, करून दुरुस्तीला किती खर्च येतो ते का बघितलं नाही? एकट्या म्हाताऱ्या बाईला भाड्याने घर कोण देतं? आणि नव्या इमारतीत लिफ्ट, जनरेटर, सिक्युरिटी आली की दरमहा मेंटेनन्स किती पडेल, पेन्शनमध्ये भागेल का?

दुसऱ्या प्रश्नावरच चेअरमन म्हणाले, "काकू, तुम्हाला प्रत्येक गोष्टीत खोड काढायची सवयच आहे." चार-पाच जण हसले. काकूंनी कागद पुढे वाचला, पण आवाज खाली आला होता. शेवटी कुणीतरी अगदी मायेने म्हटलं, "तुम्ही नका हो ताण घेऊ या वयात, आम्ही सगळं बघतो."

त्याच सभेत आप्पाही त्यांच्यावर ओरडले होते. "वहिनी, हे तुमचं साफ चुकतंय! दुरुस्त्या करून करून आम्ही दमलो!" पुढे काकू मला म्हणाल्या, "भाऊजी ओरडले त्याचं काही वाटलं नाही. ते माझ्या प्रश्नावर ओरडले. 'तुम्ही नका ताण घेऊ' हे मात्र लागलं." मला या प्रकरणातून जे कळलं त्याची सुरुवात इथून झाली. मी समजत होते की आवाज चढला म्हणजे अनादर आणि गोड बोललं म्हणजे आदर. त्या सभेत नेमकं उलटं घडलं होतं. आप्पांनी काकूंना वाद घालण्याजोगं मानलं, गोड बोलणाऱ्याने मानलं नाही.

१५ हात वर झाले, एक जण तटस्थ राहिला, काकू विरोधात. इतिवृत्तात लिहिलं गेलं, "एका सभासदाने विरोध नोंदवला." पाच प्रश्नांपैकी एकही त्यात आला नाही. कच्चं इतिवृत्त माझ्याकडे वाचायला आलं होतं. मी वाचलं आणि सही केली.

त्यानंतरचे दोन महिने

मग सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सुरू झालं. आधी रस्त्यात पडलेल्या मोठ्या दगडाचा फोटो आला, खाली ओळ, "विकासाच्या वाटेतला धोंडा." हसण्याच्या खुणा पडल्या. दोन दिवसांनी, "बिल्डरकडून जास्तीचे काढायचा डाव दिसतोय." मग, "एकटीला तीन खोल्या हव्यात कशाला?" आणि सप्टेंबरच्या अखेरीस बी विंगमधल्या एका गृहस्थांनी लिहिलं, "स्वतःच्या घरात कुणी नाही, म्हणून दुसऱ्याच्या घरातलं सुख बघवत नाही."

हे चार मेसेज ओळीने वाचले की उतरण दिसते. पहिला त्यांच्या विरोधाची थट्टा करतो. दुसरा हेतूवर जातो. तिसरा त्यांच्या राहण्यावर. चौथा त्यांच्या एकटेपणावर, म्हणजे ज्याला भाडं, टेंडर, मेंटेनन्स कशाचाच संबंध नाही अशा जागी. मुद्द्यावरून गुद्द्यावर येणं आपण नेहमी म्हणतो, पण मधल्या पायऱ्या त्या वेळी दिसत नाहीत, कारण प्रत्येक पायरी आधीच्या पायरीपेक्षा थोडीशीच खाली असते. मी चारही मेसेज त्या त्या दिवशी वाचले होते. मी ॲडमिनही होते.

काकूही थांबल्या नाहीत. ऑक्टोबरच्या सुरुवातीला त्यांनी सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांच्या कार्यालयात तक्रार दिली. टेंडर नसल्याचा मुद्दा त्यात होता आणि तो रास्त होता. पण पुढे कमिटीने बिल्डरकडून पैसे खाल्ले आणि आप्पांचा मुलगा यात दलाल आहे, असंही लिहिलं होतं. पुरावा काहीच नव्हता. आप्पांच्या हातात ती प्रत आली तेव्हा मी तिथे होते. त्यांनी चष्मा लावून कागद वाचला, घडी घातली, शर्टाच्या खिशात ठेवला आणि जिना चढायला लागले. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी फुलं वेचणं बंद केलं. प्राजक्ताचा सडा दुपारपर्यंत तसाच पडून तांबूस व्हायला लागला. त्या दिवाळीत फराळाचं ताट वर गेलं नाही.

समोर असलेले पर्याय

नोव्हेंबरमध्ये आधीच्या सेक्रेटरींनी राजीनामा दिला आणि ते काम माझ्याकडे आलं. तेव्हा चार गोष्टी करता येण्याजोग्या होत्या.

पहिली, संख्येच्या जोरावर पुढे जायचं. पुनर्विकासासाठी शासनाचे ४ जुलै २०१९ चे निर्देश आहेत, महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम ७९अ खालचे. त्यांनुसार एकूण सभासदांपैकी किमान ५१ टक्क्यांची लेखी संमती लागते. २४ पैकी ५१ टक्के म्हणजे १३. आमच्याकडे १९ संमतीपत्रं होती. त्याआधीच्या, म्हणजे २००९ च्या, निर्देशांत हे प्रमाण ७५ टक्के होतं, तेही आम्ही ओलांडलं होतं. बहुमताने रीतसर घेतलेला निर्णय मूठभरांनी अडवून धरू नये, असं मुंबई उच्च न्यायालयाने अनेक निकालांत म्हटलेलं आहे. कायदा बहुतांशी आमच्या बाजूने होता.

दुसरी, काकूंना बदनामीची नोटीस पाठवायची. चेअरमनना हे हवं होतं. त्यांच्या रागाला कारण होतं, त्यांच्या नावावर खोटा डाग लागला होता.

तिसरी, गोडीगुलाबीने मिटवायचं. ही आम्ही आधीच करून बसलो होतो. कोजागिरीला गच्चीवर मसाला दूध ठेवलं, काकूंना आग्रहाने बोलावलं आणि चेअरमननी छोटं भाषण केलं, "मतभेद असावेत, मनभेद नसावेत." काकू पेला अर्धा ठेवून उठल्या. जाता जाता मला म्हणाल्या, "दूध प्यायला बोलावलंत. उत्तर द्यायला नाही बोलावलंत." त्या दिवसापासून चेअरमनचं ते 'मतभेद-मनभेद' वाक्य मला जपून वापरावंसं वाटतं. आमच्याकडे त्याचा अर्थ 'आता तुमचं मत पुरे' असा झाला होता.

चौथी, काकूंचे प्रश्न आणि काकूंबद्दलचा राग वेगळे काढून दोन्हींचा स्वतंत्र निकाल लावायचा. यात वेळ जाणार होता आणि बहुमताच्या बाजूचे लोक म्हणणार होते की एका माणसासाठी सगळ्यांना ताटकळत ठेवलं.

चौथी वाट घेता आली, याला निम्मं कारण तांत्रिक होतं, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. ऑगस्टच्या सभेचं व्हिडिओ चित्रीकरण आम्ही केलं नव्हतं आणि २०१९ च्या निर्देशांनुसार ते बंधनकारक आहे. वकिलांनी सांगितलं, सभा पुन्हा घ्या. निव्वळ माझ्या आग्रहावर चेअरमन तयार झाले नसते.

काय केलं

पहिलं पाऊल चुकलं. मी ग्रुप बंद केला, फक्त ॲडमिनना लिहिता येईल असा. आठवड्याभरात काकूंना वगळून दुसरा ग्रुप निघाला आणि तिथली भाषा आणखी खाली गेली. मला तो स्क्रीनशॉट तिसऱ्याच माणसाकडून मिळाला.

मग मी वही घेऊन काकूंकडे गेले. पहिला अर्धा तास प्रश्नांबद्दल एक शब्द नाही. त्यांनी कपाटातून शंभर पानी वही काढली. त्यात ग्रुपवरचे सगळे मेसेज तारीख-वेळेसह हाताने उतरवलेले होते. मोबाइलमध्ये होतेच की, असं मी म्हटलं, तर म्हणाल्या, "मोबाइलमधले पुसता येतात." धोंडा हा शब्द त्यांनी एका पानावर दोनदा लिहून अधोरेखित केला होता. त्या बोलत राहिल्या, मी ऐकत राहिले. ते ऐकून झाल्याशिवाय मेंटेनन्सवर बोलणं शक्यच नव्हतं.

दुसऱ्या संध्याकाळी पाच प्रश्न लिहून घेतले. प्रत्येक प्रश्न त्यांना वाचून दाखवायचे आणि "असंच म्हणायचंय ना?" विचारायचे. तिसरा प्रश्न चार वेळा बदलला. मला वाटत होतं, त्यांना रीडेव्हलपमेंट नकोच आहे. त्या म्हणत होत्या, "दुरुस्तीचा आकडा माहीतच नसताना 'दुरुस्ती परवडत नाही' असं कसं म्हणता?" हे फार वेगळं आहे.

नंतर मी तक्रारीचा विषय काढला. पैसे खाल्ल्याचा पुरावा असेल तर द्या, मी स्वतः पुढे नेते. नसेल तर ते वाक्य मागे घ्यावं लागेल. काकूंचा चेहरा उतरला. "म्हणजे तूही त्यांच्यातलीच."

मी म्हटलं, "काकू, मी रीडेव्हलपमेंटच्या बाजूनेच मत देणार आहे. मला ते हवंय. पण ते मत तुमच्या विरोधात नाही."

त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मत त्यांना देणार आणि माझ्याकडे वही घेऊन बसतेस?"

मी हो म्हटलं. तोवर माझ्या लक्षातच आलं नव्हतं की ग्रुपवरच्या लोकांइतकीच काकूंचीही गल्लत झाली होती. जो बाजूने मत देईल तो आपला वैरी, असं त्या धरून चालल्या होत्या. १५ हात वर झाले ते त्यांना स्वतःवर उगारलेले वाटले होते. अपमान खरा होता, पण तो त्या हातांत नव्हता. त्या हसण्यात आणि न लिहिलेल्या पाच ओळींत होता. आणि अपमान झाला म्हणून आप्पांच्या मुलाला दलाल म्हणण्याचा हक्क मिळत नाही, हेही मी त्यांना म्हटलं. त्या संध्याकाळी त्यांनी ते मान्य केलं नाही.

चेअरमनकडे गेले तेव्हा मी एकच विचारलं, "काकूंचा तिसरा प्रश्न काय होता?" ते म्हणाले, "त्यांना काय, अडवायचंच आहे." मी पुन्हा विचारलं. त्यांना सांगता येईना. दुसराही येईना. चांगला, कामसू माणूस. पाण्याचा टँकर उशिरा आला तर रात्री अकरा वाजता खाली उतरून उभा राहणारा. तो चार महिने एका म्हाताऱ्या बाईवर चिडलेला होता आणि ती काय म्हणते हे त्याला माहीत नव्हतं. त्यांनी पाणी मागवलं आणि म्हणाले, "द्या तो कागद."

बी विंगमधल्या गृहस्थांशीही बोलले. म्हटलं, तुम्ही लिहिलंत ते रीडेव्हलपमेंटबद्दल नव्हतं. ते म्हणाले, "लोकांच्या मनातलंच लिहिलं." मी विचारलं, "समजा उद्या काकूंनी सही केली, मग?" उत्तर लगेच आलं, "आता सही करून काय? असली माणसं नव्या बिल्डिंगमध्ये नकोतच." चेअरमनचा राग काकूंनी सही केली असती तर त्याच दिवशी गेला असता. यांचा गेला नसता. ग्रुपवर दोघांचे मेसेज शेजारी शेजारी दिसायचे म्हणून मला ते एकाच जातीचे वाटले होते.

जानेवारीची सभा

जानेवारी २०२३. गणपूर्तीला दोन तृतीयांश म्हणजे १६ सभासद लागत होते, २२ आले. चित्रीकरण होतं. तोवर स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल हातात होता. मोठी दुरुस्ती केली तर इमारत आणखी काही वर्षं निघेल, पण जिन्याच्या रचनेत लिफ्ट बसणार नाही आणि बाहेरून लावायला मोकळी जागा पुरत नाही. कमिटीने सुरुवातीलाच बँकेची वर्षभराची स्टेटमेंट्स टेबलावर ठेवली, कुणीही बघावीत म्हणून.

एक नियम केला होता. कुणाच्याही म्हणण्याला उत्तर देण्याआधी ते म्हणणं त्या माणसाला पटेल असं आपल्या शब्दांत सांगायचं. त्याने "हो, हेच" म्हटलं की पुढे बोलायचं. आणि कुणाचं वय, घर, कमाई, हेतू यावर वाक्य आलं की तिथेच थांबवायचं. हा नियम मला काकूंकडे वही वाचून दाखवतानाच सुचला होता. पहिली पंधरा मिनिटं लोक वैतागले. "शाळा आहे का ही?" असंही कुणी म्हणालं.

आप्पा उठले. शाळेत शिकवायचे तसे हात मागे बांधून म्हणाले, "वहिनींना भीती अशी आहे की घर पाडल्यावर बिल्डरने हात वर केले, तर आपण सगळे मुलांकडे जाऊ, पण त्यांना लगेच जाता येईल अशी जागा इथे नाही. आणि एकट्या म्हातारीला कुणी घर देत नाही." काकू म्हणाल्या, "हो. हेच."

मग पाळी काकूंची. त्यांनी सुरुवात केली, "भाऊजींचं म्हणणं की लिफ्टशिवाय इथे राहता येत नाही. त्यांच्या घरून चार महिने…" आणि थांबल्या. आप्पांकडे वळून त्यांनी विचारलं, "मावशी दिवाळीत पण खाली आल्या नाहीत?" आप्पांनी मान हलवली. ऑगस्टपासून मावशी एकदाच, तेही दवाखान्यासाठी, खुर्चीतून उतरल्या होत्या. पूर्वी काकू दर आठवड्याला वर जायच्या, त्यांना सगळं कळायचं. भांडण झाल्यापासून गेल्या नव्हत्या. वाक्य पुरं करायला त्यांना वेळ लागला. सभेने तो दिला.

बाकी सभा रुक्ष होती आणि ते बरंच झालं. टेंडर काढायचं ठरलं. भाड्याची ठरावीक रक्कम आगाऊ ठेव म्हणून वेगळ्या खात्यात आणि बँक गॅरंटी, ही अट टेंडरमध्येच घालायची ठरली. एकट्या ज्येष्ठ सभासदाला भाड्याचं घर शोधून द्यायची जबाबदारी कमिटीने घेतली, सोसायटीचं शिफारसपत्र आणि एका सभासदाची हमी यांसह. मेंटेनन्सचा अंदाजी आकडा पीएमसीने, म्हणजे सोसायटीच्या प्रकल्प सल्लागाराने, लेखी द्यायचा. दुरुस्तीचा पर्याय मात्र सभेने नाकारला.

काकूंनी पुन्हा विरोधात मत दिलं. २० बाजूने, एक तटस्थ, एक विरोधात. पण मतदानाआधी त्यांनी हाताने लिहिलेला कागद दिला, कमिटी आणि आप्पांच्या मुलाबद्दलचा आरोप मी पुराव्याशिवाय केला होता, तो मागे घेते. चेअरमननी ऑगस्टच्या सभेतल्या वागण्याबद्दल माफी मागितली, तीही इतिवृत्तात आहे. सभा संपल्यावर खुर्च्या उचलताना आप्पा मला म्हणाले, "टिळक आणि आगरकर डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस एकत्र होते. पुढे पटेना, १८८७ मध्ये आगरकरांनी केसरी सोडला आणि १८८८ मध्ये सुधारक काढला. दोघांत कटुता आलीच, काही झाकायचं कारण नाही. पण ते एकमेकांच्या लिखाणाला उत्तर देत होते. याच पुण्यात ज्यांनी जिवंत आगरकरांची प्रेतयात्रा काढली, त्यांनी कशालाच उत्तर दिलं नाही."

काय झालं

टेंडरला तीन बिल्डर आले. निवड उपनिबंधक कार्यालयाच्या अधिकाऱ्यासमोर झाली आणि पहिल्या पत्रातला बिल्डर निवडला गेला नाही. २०२४ च्या सुरुवातीला करारनामा नोंदला. सही करताना काकू म्हणाल्या, "माझं मत तेच आहे. पण ठराव सगळ्यांचा आहे." त्याच वर्षी घरं रिकामी झाली. काकूंना शेजारच्या गल्लीत तळमजल्यावर घर मिळालं. तिथल्या मालकांना हमी चेअरमननी दिली.

प्राजक्त गेला. काकूंनी पाच प्रश्नांत त्याचा उल्लेखही केला नव्हता. झाडाबद्दल सभेत आप्पांनी विचारलं होतं, पण आराखड्यात तो वाचवता आला नाही. आप्पांनी त्याच्या बिया कुंडीत लावल्या, त्यातली दोन रोपं जगली. एक आप्पा सध्या राहतात त्या लिफ्टच्या इमारतीत, त्यांच्या गॅलरीत आहे, एक काकूंकडे.

२०२५ मध्ये बिल्डरकडून एकदा दोन महिन्यांचं भाडं थकलं. आगाऊ ठेवीतून सगळ्यांना ते मिळालं. पैसे जमा झाल्याचा मेसेज आला त्या दिवशी चेअरमन काकूंकडे जाऊन आले.

आज करायचं असतं तर

ऑगस्टच्या सभेत 'खोड काढायची सवय' हे वाक्य आलं त्याच क्षणी मी थांबवलं असतं. "चेअरमनसाहेब, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर राहिलं," एवढं पुरेसं होतं. त्या एका वाक्याने पुढचे पाच महिने वाचले असते असं मी म्हणत नाही, पण हसणाऱ्यांना कळलं असतं की इथे हे चालत नाही.

इतिवृत्तावर सही केली नसती. विरोधी मताची कारणं लिहायला पाच ओळी लागतात. लिहिली की हरलेल्या माणसालाही दिसतं की आपलं म्हणणं कागदावर आहे. आता आम्ही काकूंचा तो पाठकोरा कागद परिशिष्ट म्हणून तारखेसह जोडला आहे, पण मूळ नोंद ती एक ओळच राहणार.

ग्रुप बंद करण्याऐवजी पहिल्याच मेसेजखाली माझ्या नावाने लिहिलं असतं की हा फोटो काढून टाका. सगळ्यांची तोंडं बंद करणं सोपं होतं, एकाला समोरासमोर सांगणं मला जड गेलं.

बँकेची स्टेटमेंट्स जानेवारीपर्यंत थांबवली नसती. आरोप खोटा आहे हे ठाऊक असताना आम्ही तीन महिने रागात बसून राहिलो. तोवर आप्पांच्या मुलाने गल्लीत येणं कमी केलं होतं. त्याची माफी काकूंनी फोनवर मागितली. तो "ठीक आहे" म्हणाला, पण अजून त्यांच्याकडे गेलेला नाही. त्याला कुणी घाई करू नये असं मला वाटतं.

बी विंगमधल्या गृहस्थांचं काय करायला हवं होतं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. जानेवारीच्या सभेत ते आले, नियम पाळून बोलले, कुणावर वाक्य टाकलं नाही. माफी मात्र मागितली नाही. मी सभेत तो विषय काढला नाही, कारण ठराव मोडेल अशी भीती होती. काकूंनी नंतर विचारलं, "चौथ्या मेसेजचं काय झालं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यांच्याकडून माफी वदवून घेऊन उपयोग झाला असता का, माहीत नाही. पण काकूंच्या देखत कुणीतरी म्हणायला हवं होतं की ते वाक्य चूक होतं. ते अजून कुणी म्हटलेलं नाही.

नव्या इमारतीत खाली पार्किंग आहे, घरं पहिल्या मजल्यापासून. काकूंनी पहिला मजला मागून घेतला. त्या गृहस्थांचं घर त्याच मजल्यावर, समोरासमोर दार. ताबा मिळायला अजून अवकाश आहे. त्याआधी एकदा त्या गृहस्थांकडे जाऊन बसायचं मी ठरवलं आहे. वही घेऊनच जाईन.